टाइन नदीवरचा फिरता पूल : एक परीक्षण

कवितेचे, नाटकाचे, कादंबरीचे परीक्षण आपण नेहमी वाचतो. पुलाचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. पुलाचे वर्णन होते, त्याची लांबी-रुंदी सांगितली जाते, ‘अभियांत्रिकीचा चमत्कार’ असे बिरुद लावले जाते आणि विषय संपतो. विद्यार्थ्यांच्या मनात त्यातून दोनच गोष्टी उरतात : काही आकडे आणि थोडे आश्चर्य. हा पूल चांगला का, कोणासाठी चांगला, कुठे कमी पडला, हे प्रश्न विचारायचे असतात हेच त्यांना कळत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने तरी एखाद्या यंत्राकडे समीक्षकाच्या नजरेने पाहायला हवे. त्यासाठी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरातला, टाइन नदीवरचा, १८७६ साली सुरू झालेला फिरता पूल हे चांगले उदाहरण आहे.

आधी नावाबद्दल. इंग्रजीत याला ‘स्विंग ब्रिज’ म्हणतात. घाईघाईने भाषांतर केले तर त्याचा ‘झुलता पूल’ होतो आणि घोटाळा होतो. झुलता पूल म्हणजे दोरांवर किंवा साखळ्यांवर टांगलेला पूल. स्विंग ब्रिज झुलत नाही. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, तसा तो मधल्या खांबावर आडवा फिरतो. म्हणून त्याला ‘फिरता पूल’ म्हणावे. रामेश्वरजवळचा पांबनचा जुना रेल्वेपूल (१९१४) दोन पाती वर उघडणारा होता, आणि २०२५ साली सुरू झालेल्या नव्या पांबन पुलाचा ७२.५ मीटर लांबीचा गाळा लिफ्टप्रमाणे सरळ वर उचलला जातो. उघडणे, उचलणे आणि फिरणे अशा तीन वेगळ्या युक्त्या झाल्या. आपला पूल तिसऱ्या प्रकारातला आहे.

गरज काय होती?

टाइन नदीच्या उत्तर तीरावर न्यूकॅसल आणि दक्षिण तीरावर गेट्सहेड आहे. समुद्र तिथून सुमारे पंधरा किलोमीटरवर. फिरत्या पुलाच्या जागी रोमन काळापासून पूल होता. मध्ययुगीन दगडी पूल १७७१ च्या पुरात वाहून गेला आणि त्याच्या जागी १७८१ मध्ये पुन्हा दगडी कमानींचा पूल झाला. ठेंगण्या कमानी आणि जवळजवळ उभे केलेले जाड खांब, अशी त्याची रचना होती. त्यातून लहान होड्या जात, मोठी जहाजे अडत. नदीचे बंदर म्हणून व्यवस्थापन करण्यासाठी १८५० मध्ये ‘टाइन इम्प्रूव्हमेंट कमिशन’ स्थापन झाले. त्याने नदीचा तळ उकरून पात्र खोल करायला सुरुवात केली. पण पात्र कितीही खोल केले, तरी दगडी पूल दारात उभा असताना जहाज वरच्या अंगाला जाणार कसे? म्हणून तो पूल पाडायचे ठरले आणि त्या जागी फिरता पूल आला.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, ‘उंच पूल का नाही बांधला?’ प्रश्न रास्त आहे. या जागेच्या जवळच रॉबर्ट स्टीफन्सनचा ‘हाय लेव्हल’ पूल १८४९ पासून उभा होता. त्याच्याखाली पंचवीस-सव्वीस मीटर मोकळी उंची होती आणि जहाजे खालून जात. पण तो नदीकाठच्या उंच कड्यांवरच्या वस्तीला जोडणारा पूल. खाली धक्क्यावर राहणाऱ्या, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लोकांना पाण्यालगतच रस्ता हवा होता. धक्क्यापासून २५ मीटर चढायचे आणि चढ ३० ला १ ठेवायचा, तर एकेका बाजूला ७५० मीटर लांबीचा उतार बांधावा लागेल. दाट वस्तीत तेवढी जागा कुठली? तेव्हा खालच्या पातळीचा रस्ता आणि मोठ्या जहाजांची वाट या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी हव्या असतील, तर पुलाला हलावेच लागते. या पहिल्या कसोटीवर पूल पूर्ण उतरतो. त्याची गरज खरी होती.

वजन फिरवण्याचे गूढ

या पुलाचे कौतुक सहसा असे होते : ‘बाराशे टनांहून अधिक वजनाचा लोखंडी पूल पाण्याच्या जोरावर फिरतो!’ वाक्य खरे आहे, पण कौतुक चुकीच्या जागी आहे. वजन आडवे फिरवायला फार ऊर्जा लागत नाही. आठवी-नववीचा विद्यार्थी हे समजू शकतो आणि अकरावी-बारावीचा हिशेब मांडू शकतो.

पुलाचा फिरणारा भाग सुमारे ८५ मीटर लांब आहे. वस्तुमान १२ लाख किलोग्रॅम धरू. सरळ दांड्याचे मध्याभोवतीचे जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२. उत्तर येते सुमारे ७२ कोटी किलोग्रॅम-चौरस मीटर. आता पूल काटकोनातून फिरायला दीड मिनिट लागते असे समजा. मग त्याचा कोनीय वेग सेकंदाला ०.०१७५ रेडियन होतो आणि टोकाचा वेग सेकंदाला पाऊण मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. या वेगाने फिरणाऱ्या पुलाची गतिज ऊर्जा येते सुमारे १ लाख १० हजार जूल.

ही ऊर्जा किती? तोच पूल जागच्या जागी फक्त एक सेंटिमीटर वर उचलायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागेल. किंवा असे सांगा : सरासरी ३५ किलोग्रॅम वजनाची ४० मुले जिन्याने ८ मीटर, म्हणजे दोन-अडीच मजले चढली, की त्यांनी मिळून एवढेच काम केलेले असते. हा हिशेब फळ्यावर मांडला, की ‘बाराशे टन’ या शब्दाची भीती जाते.

मग खरी अडचण कुठे आहे? घर्षणात. पुलाचा भार खांबावरच्या गोल कड्यातील रोलरांवर येतो. समजा, फिरण्याला होणारा प्रतिकार वजनाच्या केवळ तीन सहस्रांश आहे आणि कड्याची त्रिज्या ६ मीटर आहे. तेवढ्यानेही काटकोन फिरवताना सव्वातीन लाखांहून अधिक जूल खर्च होतील, म्हणजे गतिज ऊर्जेच्या तिप्पट. पुलाची बांधणी करणाऱ्या विल्यम आर्मस्ट्राँगने हे नेमके ओळखले होते. मध्यभागी त्याने जलदाबावर चालणारा दट्ट्या ठेवला. फिरवण्यापूर्वी त्यात दाबाचे पाणी सोडले, की बराचसा भार दट्ट्यावर येतो आणि रोलर मोकळे होतात. पास्कलचा नियम शिकवताना सांगण्यासारखे उदाहरण आहे हे. आर्मस्ट्राँगच्या यंत्रणा साधारणपणे ५० वातावरणांच्या आसपासच्या दाबावर चालत. तेवढ्या दाबाचे पाणी एक चौरस मीटरच्या दट्ट्याखाली सोडले, तर ते सुमारे ५०० टन भार पेलते.

एवढा दाब आणायचा कसा? दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाने एक वातावरण दाब मिळतो. पन्नाससाठी पाचशे मीटर उंच टाकी बांधावी लागेल! आर्मस्ट्राँगने टाकीऐवजी दाबसंचायक वापरला. उभ्या नळकांड्यात पाणी, त्यावर दट्ट्या, आणि दट्ट्यावर प्रचंड वजन. लहान पंप सावकाश पाणी भरतो आणि वजन वर चढवतो. पूल फिरवायची वेळ आली, की तेच वजन पाणी जोराने बाहेर ढकलते. टाइनवर हे संचायक पुलाखाली खोल विवरात बसवले आहेत. सुरुवातीला पंप वाफेवर चालत, १९५९ मध्ये विजेचे पंप आले. वरचे दोन्ही हिशेब एकत्र केले तर ऊर्जा साडेचार लाख जुलांच्या घरात जाते. ५० वातावरण दाबाच्या सुमारे ९० लिटर पाण्यात तेवढी ऊर्जा मिळते. प्रत्यक्षात गळती आणि वारा यांमुळे जास्त पाणी लागणार, पण अंदाज येण्यासाठी हे पुरे आहे : निम्म्या पिंपाहून कमी पाणी. अफाट शक्तीचे प्रदर्शन इथे नाहीच. थोड्या शक्तीत काम भागवण्याची काटकसर आहे, आणि माझ्या मते हाच या पुलाचा सर्वांत मोठा गुण आहे.

एकात दोन पूल

दुसरा गुण डोळ्यांना दिसत नाही. पूल बंद असताना, म्हणजे रस्ता चालू असताना, तो तीन ठिकाणी टेकलेला असतो : दोन टोकांना आणि मध्ये. फिरू लागला की टोके सुटतात आणि दोन्ही बाहू मधल्या खांबावरून हवेत तरंगतात. आधार बदलले की आतली बलेही बदलतात. गाडीच्या भाराखाली बाहूच्या मधल्या भागात खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. तोच बाहू हवेत असताना वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. म्हणजे काही भागांना आलटून पालटून ताण आणि दाब दोन्ही सोसावे लागतात. अभियंत्याला जणू दोन पुलांचे गणित करावे लागते आणि दोन्ही उत्तरे एकाच सांगाड्यात बसवावी लागतात.

फिरत्या पुलांना आणखी एक व्यवधान असते. हवेतली टोके स्वतःच्या वजनाने थोडी खाली झुकतात. पूल पुन्हा जागेवर आला, की टोके किंचित उचलून घट्ट टेकवावी लागतात. तसे केले नाही, तर एका टोकावर मालगाडी चढताच दुसरे टोक सी-सॉसारखे उचलले जाईल. शिवाय उष्णतेने धातू प्रसरण पावतो तो वेगळाच. ८५ मीटर लांब पोलादाचे तापमान २० अंशांनी वाढले, तर लांबी दोन सेंटिमीटरने वाढते. फटी तेवढ्या नसतील तर पूल अडकतो. हे काल्पनिक नाही. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम नदीवरचा ‘थर्ड अव्हेन्यू’ हा रस्त्याचा फिरता पूल उन्हाने तापून उघड्या स्थितीतच अडकला. बोटींतून पाण्याचे फवारे मारून त्याला थंड करावे लागले. प्रसरणाच्या धड्यात रेल्वेच्या रुळांचे उदाहरण वर्षानुवर्षे येते. त्याच्या जोडीला हे द्यायला हरकत नाही.

टाइनच्या पुलाचे दोन्ही बाहू सारखे आहेत हेही लक्षात घ्यावे. त्यामुळे तोल आपोआप साधतो. वारा दोन्ही बाहूंवर सारखाच लागला, तर त्याचे फिरवू पाहणारे परिणाम एकमेकांना छेदतात. आणि दुसरा बाहू नुसता वजनाला लावलेला नाही, तो फिरला की दुसऱ्या बाजूलाही जहाजाची वाट उघडते. रचनेतला एकही भाग फुकट बसलेला नाही.

नदीच्या बाजूने पाहिले तर

आता दोष. फिरत्या पुलाचा खांब नदीच्या नेमका मध्ये येतो. जहाजांना सर्वांत सोयीचे पाणी सहसा तिथेच असते. पूल उघडला, की त्याची ८५ मीटर लांबी नदीच्या प्रवाहाला समांतर येते, आणि जहाजाचा धक्का लागू नये म्हणून तेवढ्या लांबीचा लाकडी बांध मध्ये करावा लागतो. खांब कसला, नदीतले लांबट बेटच ते! त्यामुळे मिळतात त्या सुमारे ३१ मीटर रुंदीच्या दोन वाटा. नदी उघडली खरी, पण अर्धी-अर्धी करून.

१८७६ साली ३१ मीटर पुष्कळ होते. ‘व्हिक्टोरिया’ ही सुमारे २१ मीटर रुंदीची युद्धनौका १८८७ मध्ये पुलाच्या वरच्या अंगाला, एल्सविक येथे पाण्यात उतरली आणि पुढे या वाटेतून समुद्राकडे गेली. पण जहाजे वाढतच गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौका एवढ्या मोठ्या झाल्या, की आर्मस्ट्राँगच्या कंपनीला पुलांच्या खालच्या अंगाला, वॉकर येथे नवा कारखाना काढावा लागला. १९१३ मध्ये तो सुरू झाला. ज्या पुलाने नदीची वाट मोकळी केली, तोच चाळीस वर्षांच्या आत तिची मर्यादा ठरला. हा दोष आर्मस्ट्राँगच्या हिशेबाचा नव्हता. मध्ये खांब असलेल्या रचनेत वाटेची रुंदी पहिल्याच दिवशी कायमची ठरून जाते, हा या जातीच्या पुलांचाच दोष आहे.

तुलनेसाठी त्याच नदीवरचा, २००१ मध्ये खुला झालेला ‘गेट्सहेड मिलेनियम’ पूल पाहावा. पादचारी आणि सायकलस्वारांचा हा पूल दोन तीरांवरच्या आसांभोवती कलतो आणि मधले पाणी पूर्ण मोकळे सोडतो. मात्र त्याच्यावर वाहनांचा भार नाही. जड वाहतुकीसाठी मधल्या खांबाचा आधार किती मोलाचा असतो, हेही या तुलनेतून कळते.

रस्त्याच्या बाजूने पाहिले तर

फिरता पूल जहाज आणि गाडी यांच्यातला तंटा मिटवत नाही, पाळी लावून देतो. १९२४ साली हा पूल सुमारे ६००० वेळा फिरला. म्हणजे दिवसाला सोळा-सतरा वेळा. प्रत्येक वेळी रस्ता दहा मिनिटे बंद राहिला असे धरले, तर वर्षाचे एक हजार तास, म्हणजे जवळजवळ बेचाळीस पूर्ण दिवस रस्ता बंद! मोटारी वाढत असताना हे किती दिवस चालणार? १९२८ मध्ये शेजारीच कमानीचा उंच ‘टाइन पूल’ सुरू झाला आणि मोठी वाहतूक तिकडे गेली. जहाजांनाही अडचण नाही आणि गाड्यांनाही थांबणे नाही. पण धक्क्यावरच्या माणसाला मात्र जुना पूलच जवळचा राहिला.

पहिले जहाज कोणाचे?

परीक्षणात एक प्रश्न टाळता येणार नाही : फायदा कोणाचा झाला? पूल सार्वजनिक संस्थेने बांधवून घेतला. त्याची यंत्रणा केली आर्मस्ट्राँगच्या कंपनीने. त्याच कंपनीचा तोफांचा कारखाना पुलाच्या वरच्या अंगाला एल्सविकला होता. १५ जून १८७६ रोजी रस्ता सुरू झाला. १७ जुलैला जहाजासाठी पूल पहिल्यांदा उघडला, तो ‘युरोपा’ या इटालियन जहाजासाठी. ते वर गेले ते इटलीच्या नौदलासाठी तयार झालेली शंभर टनी तोफ न्यायला. बांधणारा आणि पहिला मोठा लाभार्थी एकच होता.

यावरून पूल वाईट ठरत नाही. वरच्या अंगाला कारखाने आले, हजारो कामगारांना काम मिळाले, कोळशाची आणि इतर मालाची ने-आण वाढली. पण पाठ्यपुस्तकी वर्णनात ‘मानवाच्या प्रगतीसाठी’ असे मोघम शब्द येतात, तिथे ही तोफ आठवावी. पास्कलचा नियम तोफेला आणि धान्याच्या पोत्याला सारखाच लागू असतो. कोणाची वाट आधी मोकळी करायची, हे नियम ठरवत नाही. ते माणसे ठरवतात, आणि विज्ञानाच्या तासाला हे सांगितल्याने विज्ञान कमी होत नाही.

निकाल

२०१९ मध्ये या पुलाचे फिरणे बंद पडले. वरच्या अंगाचे कारखाने त्याआधीच गेले होते आणि मोठी जहाजे येईनाशी झाली होती. पूल न फिरताही रस्ता वाहता राहू शकतो. म्हणजे रस्त्याने पाहिले तर पूल चालू, नदीने पाहिले तर बंद. फिरणारी यंत्रे फिरती ठेवावी लागतात. त्यांना तेलपाणी लागते, जाणकार माणसे लागतात. दगडी पूल दुर्लक्ष बराच काळ सोसतो, फिरत्या पुलाला दुर्लक्ष लगेच भोवते. पूल बांधण्याच्या खर्चाबरोबर तो कायम चालवण्याचा खर्च मोजायचा असतो, हा धडा टाइनपुरता नाही.

तेव्हा माझे मत असे. तोल, घर्षण आणि दाब यांचा विचार म्हणून हा पूल अव्वल दर्जाचा आहे. नदीच्या भविष्याचा विचार म्हणून मध्यम. रस्त्याचा उपाय म्हणून त्याने पन्नास वर्षे काम रेटले, आणि अर्ध्या शतकाचे काम थोडे नव्हे.

वर्गात करून पाहण्यासाठी : डब्याच्या दोन सपाट झाकणांमध्ये सारख्या आकाराच्या गोट्या ठेवा आणि वर लाकडी पट्टी आडवी ठेवा. पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखी नाणी ठेवून बोटाने फिरवा. मग गोट्या काढून तेच करा. नंतर नाणी एकाच टोकाला ठेवा. पुढे स्पंजची लांब पट्टी घेऊन तिच्या दोन्ही कडांवर समान अंतरावर रेघा मारा. ती आधी तीन ठिकाणी टेकवून बोटाने दाबा, मग फक्त मध्ये टेकवा, आणि रेघांमधले अंतर कुठे वाढते, कुठे कमी होते ते मुलांना टिपू द्या. शेवटी प्रत्येकाला आपल्या गावाजवळच्या एका पुलाबद्दल चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणायला सांगा : तो का बांधला, तो भार कसा पेलतो, त्याच्यामुळे कोणाची सोय आणि कोणाची अडचण झाली, आणि त्याची देखभाल कोण करते? चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुलांना सर्वांत जास्त हिंडावे लागेल.